सोडतीतली शेवटची जागा

मंडळी, आज इथे रियाधमधल्या आमच्या भारतीय शाळेत केजीच्या प्रवेशाची सोडत होती. माझ्या मुलीची चिठ्ठी लवकर निघाली आणि मी निवांत झालो.

दोनच जागा उरल्या असताना एका जुळ्या बहीण-भावांपैकी बहिणीचं नाव आलं. मुख्याध्यापिकांनी पालकांना विचारलं, "भावंडांना आपण प्राधान्य देतो. शेवटची जागा हिच्या भावाला द्यायची का?"

मग हैदराबादचे एक गृहस्थ उठले. त्यांच्या मुलाची चिठ्ठी अजून डब्यातच होती. "दे दो मॅडम, दोनों साथ पढ़ लेंगे." त्यानंतर सगळ्यांचे हात वर गेले, माझाही.

बाहेर मी त्यांना म्हटलं, "भाई, आपने तो अपनी सीट दे दी."

ते हसले. "मेरी कब थी जी?"

माझ्या मुलीचं नाव डब्यातच असतं, तर माझा हात वर गेला असता? तुमचा?