डोरिंगने थांबवलेली फायनल

तेओदोरा बालिनासचा आवाज लहानपणापासूनच मोठा. चर्चच्या गायनात तिला शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे उभं करायचे, तरी पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या दचकून मागे बघायच्या. लग्नात फादरने विचारलेल्या प्रश्नाला तिने दिलेला होकार बाहेरच्या ट्रायसिकलवाल्यांनीही ऐकला, असं तिचा नवरा पोन्सो अजून सांगतो. बुग्नाय गावात लहानथोर सगळे तिला ताईच्या मानाने नांग डोरिंग म्हणतात. शाळेसमोर तिचं टपरीएवढं दुकान आहे. साबण, तेलाच्या पुड्या, सुकी मासळी, सुट्ट्या सिगारेटी, आणि सकाळी केळीच्या पानावर तांदळाच्या पिठाचा वाफाळता पुतो.

मे महिन्यात सॅन इसिद्रोच्या जत्रेआधी गावच्या छपराखालच्या कोर्टवर बास्केटबॉलच्या सामन्यांची लिगा रंगते. एका वर्षी नेहमीच्या अनाउन्सरचा घसा बसला, माइक डोरिंगच्या हातात आला आणि तो परत मागायची हिंमत कोणाला झाली नाही. ती नुसते गुण सांगत नसे. बॉल हातातून निसटला की ती खेळाडूच्या आईला हाक मारून विचारायची, "नांग, आज याला भात वाढला होतास की नाही?" आणि प्रेक्षकांतून ती आई ओरडायची, "दोन ताटं खाल्ली मेल्याने." पुढे जत्रेतल्या घोषणा, हरवलेल्या शेळ्या, नळाला पाणी कधी येणार, सगळं तिच्याच तोंडून गावाला कळू लागलं.

नगरपालिकेचा कचरा डेपो डोंगराच्या पलीकडे होता. गाड्या साखर कारखान्याला वळसा घालून आगोहो गावातून तिकडे जायच्या. मग कोणाच्या तरी मनात आलं, की बुग्नायच्या मधून, शाळेच्या भिंतीला लागून झऱ्यावरून सरळ रस्ता काढला तर निम्मं अंतर वाचेल. डिझेल वाचेल, शिवाय गावाला आयता सिमेंटचा रस्ता मिळेल.

खरं सांगायचं तर डोरिंगला आधी ही कल्पना आवडली होती. रस्त्याच्या ठेकेदाराचा माणूस दुकानात येऊन थंड पिऊन गेला होता. "नांग, दिवसभर ड्रायव्हर थांबतील तुझ्या दारात. सिगारेटी पुरणार नाहीत तुला," असं म्हणून गेला. पोन्सो तर हरखलाच. पावसाळ्यात त्या चिखलाच्या रस्त्यावर साइडकार जोडलेली भाड्याची ट्रायसिकल चालवून त्याची कंबर आणि गाडीचे स्प्रिंग दोन्ही गेले होते.

मग जानेवारीत कारखान्याजवळचा पूल खचला. दुरुस्ती होईपर्यंत, म्हणजे जेमतेम आठवडाभर, कचऱ्याच्या गाड्या बुग्नायमधून गेल्या. पहिल्या दिवशी मुलं टाळ्या वाजवत गाड्यांमागे धावली. दुसऱ्या दिवशी कोणी धावलं नाही. गाड्यांच्या मागून काळं पाणी ठिबकायचं, त्याची रेघ शाळेच्या फाटकापासून थेट झऱ्यापर्यंत उमटायची. डोरिंगने पुतोवरचं फडकं उचललं की माश्या आधी बसायच्या, गिऱ्हाईक नंतर यायचं. नंतर गिऱ्हाईक यायचंच बंद झालं. शाळेत मास्तरीणबाईंनी खिडक्या लावून घेतल्या आणि उकाड्याने दोन मुली वर्गात कोसळल्या. शनिवारी बायका झऱ्यावर धुणं घेऊन गेल्या, आणि पाण्यावर तेलाचा तवंग बघून तशाच परत आल्या. ड्रायव्हर मात्र एकही थांबला नाही. इतका वास मागे घेऊन सिगारेट ओढायला कोण थांबणार?

पूल दुरुस्त झाला, गाड्या पुन्हा वळशाने जाऊ लागल्या. पण लवकरच झऱ्याच्या कडेला नव्या रस्त्याच्या आखणीच्या लाल रंगाच्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. त्या संध्याकाळी डोरिंगने दुकानासमोर बाकडी मांडली आणि गाव गोळा केलं. रोज माणसं वाढू लागली. गावचा कॅप्टन, म्हणजे सरपंच, हिलारियो, ज्याला सगळे नुसतं कॅप म्हणत, एकदाच आला. मेयरला दुखवून गावाला एक दिवासुद्धा मिळायचा नाही, असं सांगून गेला. रस्त्यावरची सुनावणी मात्र गावातच, जत्रा झाल्यावर, याच कोर्टवर होईल असा शब्द त्याने दिला.

घरात वेगळंच युद्ध. पोन्सो म्हणायचा, तुझं बरंय, तू सावलीत बसतेस, टायर माझे फुटतात. ती म्हणायची, टायर बदलता येतात, झरा कुठून आणशील? मग ती ताट जरा जोरात आपटायची आणि तो ट्रायसिकल पुसायला बाहेर जायचा.

फायनल शुक्रवारी दुपारी होती. वरची आळी विरुद्ध खालची आळी. कोर्ट इतकं भरलं होतं की पोरं छपराच्या लोखंडी खांबांना वटवाघळांसारखी लटकली होती. मध्यंतर संपून खेळ पुन्हा सुरू झाला. खालची आळी दोन गुणांनी पुढे, डोरिंगचा आवाज टिपेला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. भाची अर्लिन नगरपालिकेत नोकरीला होती, ती कधी कामाच्या वेळात फोन करत नसे.

अर्लिन कुजबुजत होती. "मावशी, तुम्ही सगळे तिकडे काय करताय? सुनावणी इथे वरच्या हॉलमध्ये सुरू झालीय. तुमच्या गावचं कोणीच नाही. ठेकेदाराची माणसं पुढच्या रांगेत बसून जेवणाची पाकिटं उघडतायत."

डोरिंगने मान वळवून प्रमुख पाहुण्याच्या खुर्चीकडे बघितलं. कॅप हिलारियोने तिच्या हातातला फोन पाहिला, तिचा चेहरा पाहिला आणि तो समोरच्या चषकाची मूठ फडक्याने पुसू लागला. त्याला हे आधीपासून माहीत होतं, हे तिला कळलं.

"थांबा," ती माइकवर म्हणाली. "रेफरी, शिटी वाजव. खेळ थांबव."

रेफरी बावचळला, पण त्याने शिटी वाजवली. बॉल उसळत उसळत कोपऱ्यात गेला.

"खालची आळी दोन गुणांनी पुढे आहे. ते तसंच राहू दे, कोणी पुसू नका. आपल्या रस्त्याची सुनावणी जत्रेनंतर नाहीये. आत्ता चाललीय, नगरपालिकेत, आपल्याला न सांगता. ज्यांना रस्ता नको त्यांनी चला. ज्यांना हवा असेल त्यांनीही चला, तिथे उभं राहून सांगा. पण आपल्या दारातली गोष्ट दुसरे ठरवत असताना आपण इथे टाळ्या वाजवत बसायचं नाही."

खालच्या आळीच्या संघाचा कप्तान, घामाने निथळत, म्हणाला, "जाऊ या. पण आम्ही जिंकत होतो हं, हे लक्षात ठेवा."

आणि कोर्ट फुटलं. माणसं वाट मिळेल तिकडून बाहेर पडली. प्रेक्षकांना घेऊन आलेली बसएवढी लांब जीपनी आत, टपावर, मागच्या पायरीवर भरली. गाळप संपल्यामुळे उसाचा एक ट्रक वडाखाली रिकामा उभा होता. त्याचा मालक वरच्या आळीचा गार्ड खेळाडू होता, तो जर्सीवरच स्टिअरिंगवर चढला आणि मागच्या फळ्यांत दोन्ही आळ्या एकमेकांना खेटून उभ्या राहिल्या. घटकेपूर्वी एकमेकांना कोपर मारणारे आता एकमेकांच्या म्हाताऱ्यांना हात देऊन वर ओढत होते.

पोन्सो फाटकाशी ट्रायसिकलवर बसला होता. डोरिंग त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो नाही म्हणाला असता, तर ती ट्रकवर चढली असती. त्याने तिच्याकडे बघितलं, किक मारली आणि म्हणाला, "बस. पण मी आत येणार नाही."

तो सगळा लवाजमा धूळ उडवत निघाला. उसाच्या रिकाम्या रानांतून ट्रकवरची पोरं घोषणा देत होती, जीपनीचा हॉर्न वाजायचा थांबत नव्हता, वाटेतल्या वाड्यांमधली माणसं कोण मेलं की कोण जिंकलं हे बघायला बाहेर येत होती, आणि कळल्यावर काही जण तशीच चप्पल पायात सरकवून मागच्या ट्रायसिकलमध्ये बसत होते. डोरिंग साइडकारची कड धरून बसली होती. तिला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

ते जिना चढून वर पोचले तेव्हा सुनावणीचे अध्यक्ष कागद गोळा करत होते. हरकती आल्या नाहीत, सबब, असं काहीतरी ते वाचत होते. दार उघडलं आणि निम्मं बुग्नाय आत घुसलं. निळ्या-पिवळ्या जर्सी, धुळीने माखलेल्या आज्या, कडेवरची पोरं, आणि सगळ्यांच्या घामाचा वास. पुढच्या रांगेतल्या माणसाच्या हातातली कोंबडीची तंगडी तशीच राहिली. दाराशी उभ्या अर्लिनने तोंडावर रुमाल धरून हसू दाबलं.

अध्यक्षांनी जरा वेळ विचार केला आणि गावातर्फे एकाने बोलावं असं सांगितलं. सगळ्यांनी डोरिंगला पुढे ढकललं.

आणि तिचा आवाज फुटेना. हातात माइक होता, पण हॉल गप्प होता, समोर नावाच्या पाट्या लावलेली माणसं बसली होती आणि त्यांच्यात हाक मारावी अशी कोणाचीच आई नव्हती. ठेकेदाराच्या माणसाने संधी साधली. तो उठून म्हणाला, की गावातल्या ट्रायसिकलवाल्यांचा या रस्त्याला पूर्ण पाठिंबा आहे, विरोध करणाऱ्या चार बायका आहेत फक्त.

"थांबा हो," मागून आवाज आला. पोन्सो दाराशी उभा होता, टोपी हातात घेऊन. "मी ट्रायसिकलवाला. मला रस्ता पाहिजे, कोण नाही म्हणतो? कचऱ्याच्या गाड्या नकोत. माझ्या नावावर त्या घालू नका. तेवढं लिहून घ्या."

हॉलमध्ये अशी काही आरोळी उठली की टेबलावरचे पाण्याचे पेले हलले. डोरिंगने नवऱ्याकडे बघितलं आणि तिचा आवाज मोकळा झाला. तिने त्या आठवड्याची गोष्ट सांगितली. शाळेच्या फाटकापासूनची काळी रेघ, फडक्याखालच्या माश्या, बंद खिडक्या, कोसळलेल्या दोन मुली. त्या मुली तिथेच होत्या, तिने त्यांना हात वर करायला लावला. ठेकेदाराचा माणूस मध्ये बोलू लागला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही आधी जेवून घ्या, गार होतंय." अध्यक्षांनीही हसू लपवायला मान खाली घातली.

ती बसणार तेवढ्यात मागच्या बाकावरून एक वाळकी, उंच बाई उठली. आगोहोची साल्व्हासियोन. ती सुरुवातीपासून एकटीच येऊन बसली होती, आणि तिला कोणी बोलायला दिलं नव्हतं.

"तुमच्याकडे आठवडाभर गाड्या गेल्या," ती डोरिंगला म्हणाली, "आमच्या दारावरून रोज जातात. तुमचा रस्ता झाला नाही तर आमच्याकडून जातच राहणार. आमचं काय?"

डोरिंग तिच्याकडे वळली. "नांग, मला माहीत नाही. पण मी तुझ्याकडे येते."

त्या दिवशी प्रस्ताव लांबणीवर टाकला गेला. पुढच्या महिन्यात कौन्सिलची माणसं गावात पाहणीला आली. मास्तरीणबाईंनी त्यांना भर दुपारी खिडक्या लावलेल्या वर्गात बसवलं. मग झऱ्यावर नेऊन पुन्हा निवळलेलं पाणी प्यायला दिलं. पावसाळा सरायच्या आत बातमी आली, की बुग्नायचा रस्ता रद्द. गावाने डुक्कर भाजलं. कॅप हिलारियो सर्वांत आधी ताट घेऊन उभा होता, आणि डोरिंगने त्याला वाढलंही, फक्त कुरकुरीत कातडं तेवढं दिलं नाही. थांबलेली फायनल जत्रेतच पुन्हा खेळली गेली, वरची आळी जिंकली, आणि खालची आळी तो निकाल आजही मानत नाही.

पण डोरिंगने शब्द दिला होता. डुक्कर संपल्यावरच्या रविवारी ती, पोन्सो आणि शेजारच्या दोघी आगोहोला गेले. साल्व्हासियोनचं घर रस्त्यालगत होतं, भिंती पार छातीपर्यंत काळवंडलेल्या. तिने कॉफी ओतली आणि प्रत्येक कपावर बशी उपडी ठेवली. कचऱ्याची एक गाडी गेली. सगळ्यांनी श्वास धरला आणि मग सोडला.

त्यांनी तिथेच ठरवलं. गाड्यांवर ताडपत्री हवी, ठिबकणाऱ्या गाडीला गावाच्या वेशीवरच अडवायचं, आणि शाळा भरायच्या-सुटायच्या वेळी एकही गाडी नको. आगोहोत बोलणारी माणसं कमी नव्हती, पण ती घराघरांत बसून बोलत होती.

"तुमच्याकडे लाउडस्पीकर आहे का?" डोरिंगने विचारलं.

"चर्चमध्ये एक आहे. खरखरतो," साल्व्हासियोन म्हणाली.

पोन्सो हसला. "तिला लाउडस्पीकर लागत नाही, नांग. तुम्ही फक्त लोकांना बाहेर बोलवा."

डोरिंगने बशी बाजूला केली, कॉफी एका घोटात संपवली आणि ती रस्त्याच्या मधोमध जाऊन, घरांकडे तोंड करून उभी राहिली.