मामांची बोबडी प्रार्थना

आमचे मामा ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत शिकवायचे. उद्याच्या पाळकांना पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, भाषा कशी वाचायची ते समजावणं हा त्यांचा विषय, आणि जेवणाच्या टेबलावरही तो सुटायचा नाही. देव रागावला, देवाने पाठ फिरवली, देवाला पस्तावा झाला, असं शास्त्रात कितीदा तरी येतं. मामा म्हणायचे, "हे शब्दशः घ्याल तर देवाचा शेजारचा तापट म्हातारा करून ठेवाल." ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या काही शतकांतल्या आचार्यांनी याचा उलगडा करून ठेवला होता आणि तो मामांना तोंडपाठ होता. बाप तान्ह्या लेकराशी बोलताना स्वतः बोबडा होतो, तसा देव माणसाशी माणसाच्या भाषेत बोलतो. राग, पाठ, पस्तावा हे आपल्याला पेलतील असे शब्द. देव त्यांच्या कितीतरी पलीकडचा.

शिकवण गोड, पण मामा भारी खडूस. मामी रोज सकाळी त्यांच्याबरोबर प्रार्थना करायची. ती बालवाडीतली बाई. देवाशीही घरच्यासारखी बोलायची. "देवा, जरा इकडे बघ," असं म्हणाली की मामा एक डोळा उघडून म्हणत, "त्याला मान वळवावी लागत नाही." मामी तेवढ्यापुरती गप्प बसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला मात्र मामांचा अस्सा राग यायचा!

सत्तरीत मामांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले. शब्दही परतले, पण भलत्याच जागी. पाणी हवं असलं की "खिडकी" म्हणायचे, मला "कात्री" म्हणून हाक मारायचे. आम्ही हसायचो, तेही हसायचे. पण प्रार्थनेची वेळ झाली की तोंड घट्ट मिटून भिंतीकडे वळायचे. पहिल्यांदा प्रयत्न केला तेव्हा देवाच्या नावाऐवजी "रुमाल" निघालं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या प्रार्थनेत खोट काढलेली. आता स्वतः चुकीची प्रार्थना करायची कशी? मामी एकटीच हात जोडून बसायची आणि लवकरच उठायची. "एकटीला जमतच नाही गं," ती मला म्हणाली. "चाळीस वर्षांची सवय आहे."

एका सकाळी तिने मामांची जुनी टिपणवही काढली, चष्मा लावला आणि बापाच्या बोबड्या बोलांचं ते पान मोठ्याने वाचलं. मामा भिंतीकडून तिच्याकडे वळले.

"तुमचंच अक्षर आहे," मामी म्हणाली. "मला यातलं निम्मं कळत नाही. पण माझ्या वर्गातली पोरं काय वाट्टेल ते बोलून पाणी मागायची. मी कुणाला तहानलेलं ठेवलं का कधी? मग तो ठेवील? तो आपल्यासाठी बोबडं बोलतो म्हणता, आणि तुम्ही बोललात तर त्याला कळायचं नाही होय?"

मामांच्या डोळ्यांना धार लागली. मलाही आवरेना, मी चहाचे कप हातात तसेच धरून दारात उभी राहिले.

मामांनी डोळे मिटले. बराच वेळ ओठ नुसते हलत होते. मग अडखळत आवाज आला, "छत्री... हिला छत्री... मोठी."

"आमेन," मामी म्हणाली.