घटात बसलेला ग्रोश

भूमापन खात्यात उभी हयात लोकांच्या शेतांच्या वाटण्या मोजण्यात गेली. म्हणूनच असेल, निवृत्त झाल्यावर मला पोलंडच्या जुन्या तांब्याच्या नाण्यांचा नाद लागला. दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वी तीन शेजारी राजांनी मूळ मालकाला न विचारता त्या देशाची वाटणी करून घेतली होती. प्रशियाच्या हिश्श्यातला ग्रोश, म्हणजे तिकडचा पैसा, माझ्याकडे होता, ऑस्ट्रियाचाही होता. रशियाचा तेवढा अडून बसला होता. शेवटी तिकडच्याच एका छांदिष्टाने माझ्या भोकाच्या पैशांच्या बदल्यात तो पाठवला. वणीच्या पोस्टातून पाकीट घेऊन मी जवळजवळ नाचतच घरी आलो.

"हा दोन मुंड्याचा कोंबडा कायचा हाये?" बायकोने विचारलं.

"गरुड हाये तो!" मी खेकसलो. अशा नाण्याला पाणी लावायचं नसतं, अंगावरचा जुना तपकिरी रंग गेला की त्याची शानच जाते, हे तिला दहादा बजावलं.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. दुपारी नाण्यांची डबी उघडतो तर आत दोनच नाणी, रशियाचा गायब. मी घर डोक्यावर घेतलं. तिने शांतपणे देवघराकडे बोट केलं.

"सकाळी घटात टाकाले तांब्याचा पैसा मांगला, त तुमीच त देल्ला! पेपरातून मान बी वर नाही केली."

खरंच, शेजारच्या डबीतून चाचपून हाताला लागला तो मीच दिला होता.

बसलेला घट आमच्याकडे नऊ दिवस हलवत नाहीत. देवाधर्माचा मी फारसा नाही, पण तिच्या घटात हात घालायची माझी छाती झाली नाही. रोज आरतीला मात्र सगळ्यांच्या आधी हजर. ती गालातल्या गालात हसायची.

दसऱ्याला घट हलला. नाण्याचा रंग ठिकठिकाणी उडाला होता, कडेला हिरवा डाग पडला होता. जिवाला फार लागलं. "चिंच लावून घासून देऊ का?" तिने विचारलं. तिचा चेहरा इतका उतरला होता की मला ओरडताही येईना.

यंदा तिने घटासाठी पैसा मागितला तो लांबूनच, भीतभीत. मी चष्मा लावला, डबी उघडली आणि तिन्ही ग्रोश तिच्या हातावर ठेवले.

"अहो, खराब होतीन ना!"

"होऊ दे," म्हणालो. "नऊ दिवस का होईना, तिघांचा सातबारा एक राहील."