ताप अंगावर काढू नका

परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात एक गृहस्थ बायकोसह माझ्या शेजारी बसले होते. सत्तरीचे, नायगावचे. बोलताना इस्त्रीच्या शर्टाची बाही सारखी सरळ करत. त्या दिवशी माझ्या मूत्राशयात पहिल्यांदाच बीसीजी सोडणार होते. लहान मुलांना टीबीची लस म्हणून देतात तेच जिवंत जंतू. ते आत गेले की शरीर कॅन्सरशी लढायला उठतं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं.

"मलाही दिलेलं," ते म्हणाले. "एका डोसनंतर थंडी वाजून ताप भरला. व्हायरल असेल म्हणून घरीच पडून राहिलो. तोवर जंतू फुप्फुसात पोचले. मग हे औषध बंद आणि टीबीच्या गोळ्या सुरू. आता कुठे कोर्स संपला."

मी विचारलं, "मग मी नको घेऊ?"

ते चिडलेच. "घ्या हो! माझं बिघडलं म्हणून तुमचंही बिघडेल, असं थोडंच आहे? फक्त ताप आला तर अंगावर काढू नका. तडक इथे या."

इतक्यात त्यांना आत बोलावलं. बायको उठू लागली, तशी म्हणाले, "तू बस गं. मी बोलतो."

बाहेर आल्यावर त्यांनी तिला शांतपणे सांगितलं, "ते औषध आता देता येत नाही, म्हणून मूत्राशय काढायचं ठरलं. मीच लवकरची तारीख मागितली."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, लघवीची पिशवी जाईल. मी राहीन ना!"

त्यांना भीती वाटत नव्हती, असं नाही. इस्त्रीची बाही आता मुठीत चुरगळली होती. माझं नाव पुकारलं, तसा मी उठलो आणि आत गेलो.