आजोबा आणि नातू एकच

नव्वदच्या दशकात वाशीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी प्रोबेशनवर होतो. शिरवण्याच्या एका डॉक्टरांकडे पेशंटांच्या नोंदींचा प्रोग्रॅम नीट चालला की मी पर्मनंट, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. प्रोग्रॅम सी प्लस प्लसमध्ये. ती भाषा आकडे आपणहून ताडून बघते; पण तुम्ही स्वतः बनवलेले दोन ‘पेशंट’ समोर ठेवून ‘हे सारखे का?’ विचारलंत, तर साफ नकार देते. सारखं म्हणजे काय, ते आधी तुम्ही लिहून द्या म्हणते. केवढी सभ्य भाषा! मी ऐटीत लिहून दिलं: नाव, वडिलांचं नाव, आडनाव जुळलं की माणूस एकच. वर चहाही प्यायलो.

डॉक्टरांकडची पेशंटांची जुनी कार्डं आधीच मशीनमध्ये भरून झाली होती. पहिल्याच सकाळी एक आजोबा दीड वर्षाच्या नातवाला डोस द्यायला घेऊन आले. मी बाळाचं नाव टाइप केलं. मशीनने त्याचं बीपी दाखवलं, शिवाय मोतीबिंदूचं ऑपरेशन. डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

“माजा मोतीबिंदू या पोराला लावलास काय रं?” आजोबा म्हणाले. अख्खा बाक हसला.

हसल्या नाहीत त्या फक्त माझ्यासोबत आलेल्या, कंपनीतल्या सीनियर मॅडम. त्यांनी खुर्ची आजोबांपाशी ओढली. “बाबा, तुमच्या वडिलांचं नाव काय?”

“ह्याच्या बापाचाच. आमच्यान आज्याचा नाव नातवाला ठेवतान. दोनच नावा हायेत घरान.”

“आणि आईचं?”

ते अर्थातच नातवाच्या आईपेक्षा वेगळं निघालं. मॅडमनी तिथेच बसून माझी तुलना पुसली, आईचं नाव आणि जन्मसाल जोडलं. यातलं काही कोरं असेल तर मशीनने स्वतः ठरवायचं नाही, काउंटरवर विचारायचं. पुढे मी पुष्कळ हुशार प्रोग्रॅमर पाहिले. की-बोर्डला हात लावण्याआधी माणसाशेजारी खुर्ची ओढणारं दुसरं कुणी भेटलं नाही.

“आधीचं कुणी लिहिलं होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“आम्ही,” मॅडम म्हणाल्या.

डॉक्टरांनी मशीन ठेवून घेतलं. संध्याकाळी साहेबांनी मॅडमना विचारलं, पोराचं काय करायचं. मी पार्टिशनला कान लावून.

“ठेवा त्याला. एवढे लोक हसले, तरी जागचा हलला नाही.”

मी पर्मनंट झालो. दवाखान्याच्या दाराशी चपलांच्या ढिगात मला माझी दिसत नव्हती म्हणून हललो नाही, हे मॅडमना अजून सांगितलेलं नाही.