मी सुधारून दिलेलं गाणं

माझ्या धाकट्या भावाचा बँड होता. नाव सांगत नाही. सांगूनही तुम्ही ओळखणार नाही, आणि माझी खरी चिडचिड तीच आहे. रायपूरच्या चार पोट्ट्यांनी मराठीत रॉक वाजवलं, जीव तोडून वाजवलं, आणि ऐकलं कोणी? आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या लोकांनी, भनपुरीच्या ट्रकवाल्यांनी आणि सिलतऱ्याच्या एका कारखान्यानं. बस, एवढ्यांनीच.

घरी तर बँड म्हणजे काय हे कळायलाच वर्ष गेलं. आईनं शेजारच्या काकूंना कौतुकानं सांगितलं, "पोट्टा बँडमध्ये हाय." काकू लगेच म्हणाल्या, "अवं, मग आमच्या पोरीच्या वरातीले त्यालेच सांगू न!" भाऊ दोन दिवस कोणाशी बोलला नाही. मी मात्र पोट धरून हसले.

तो उरला या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये ट्रकचं वजन करायच्या कामावर होता. गिटारवाला सिलतऱ्याला शिफ्टमध्ये, बासवाला अजून कॉलेजात. ड्रमवाल्याच्या वडिलांचा भनपुरीला ट्रान्सपोर्टचा धंदा, म्हणून सराव त्यांच्या गोदामात चालायचा. रविवारी दुपारी मी डबा घेऊन जायचे. टायरांचा वास, नाकात धूळ, आणि त्यात ही चौघं घामाघूम. मी पुण्यात दोन वर्षं हॉस्टेलला राहून मराठीत एम.ए. केलं होतं, चांगले चांगले कार्यक्रम ऐकले होते. पण माझ्या भावानं सूर लावला की माझ्या अंगावर काटा यायचा. बहीण म्हणून नाही हं. बरं, थोडं बहीण म्हणूनही.

त्यांचं सगळ्यात भारी गाणं शिफ्ट संपवून घरी निघालेल्या माणसाचं होतं. तो रस्त्यातून आईला फोन करतो, "जेवण झाकून ठेव वं माय, मी येऊन राहिलो." एवढीच ओळ, पण चढत जायची, चढत जायची, आणि शेवटी सगळी वाद्यं थांबून नुसता त्याचा आवाज उरायचा.

आता दूरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे "मी येऊन राहिलो" म्हणजे मी येतो आहे, वाटेत आहे. पुण्याकडे त्याचा अर्थ होतो की हा आला आणि मुक्काम ठोकून बसला. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मी "जेवून राहिली" म्हणाले, आणि पोरींनी वर्षभर माझी टर उडवली. तेव्हापासून मी तसं बोलणं टाकलं. परत आल्यावरही टाकलेलंच. घरात मी पुस्तकासारखी बोलू लागले, आणि आई बिचारी माझ्याशी जपून बोलू लागली. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा, काय सांगू!

विश्वकर्मा पूजेला सिलतऱ्याच्या त्या कारखान्यात त्यांना गायला बोलावलं होतं. समोरचे कामगार छत्तीसगढी, उडिया, बिहारी. मराठी कोणाला कळतंय? पण "येऊन राहिलो" त्यांना बरोबर कळलं. "आ रहा हूँ" आणि "येऊन राहिलो" यांत अंतर ते किती! तीनदा गायला लावलं त्यांनी ते. तिसऱ्या वेळी अख्खा कारखाना ओरडत होता, आणि पुढच्या रांगेतला एक पांढऱ्या मिशांचा फोरमन रुमालानं डोळे पुसत होता. कोणीतरी ते फोनवर रेकॉर्ड केलं, आणि फिरत फिरत ते पुण्याच्या एका म्युझिक कंपनीकडे पोचलं. त्यांचा निरोप आला. गाणं नीट स्टुडिओत रेकॉर्ड करून पाठवा, आम्ही काढू.

घरात दिवाळीच! असा निरोप रायपूरच्या पोरांना पुन्हा येणार नव्हता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊ वही घेऊन माझ्याकडे आला.

"ताई, जराशी पाहून दे न. पुण्याचे लोक ऐकतीन. चूक नाई राह्यली पायजे."

मी पाहून दिलं. लाल पेन घेऊन पाहून दिलं! "येऊन राहिलो"चं "येत आहे" केलं. "वं माय" काढून "आई गं" घातलं. दोन कडव्यांतले सगळे "काहून" आणि "मले" साफ केले. त्यानं म्हणून पाहिलं, थोडा अडखळला.

"चालीत बसत नाई न, ताई."

"चाल बदल. भाषा अशुद्ध असेल तर हसतील तुम्हांला."

"हव," तो म्हणाला. माझ्यापुढे त्यानं कधी वाद घातलाच नाही. बाबा तर पाराभर सांगत फिरले, पोट्टीनं गाणं सुधारून दिलं म्हणून. "जेवण झाकून ठेव आई गं, मी येत आहे." तुम्हीच म्हणून पाहा. स्टेशनावर गाडीची सूचना द्यावी तसं वाटतं. पण तेव्हा मला ते छान वाटलं होतं.

रेकॉर्डिंग गेलं. महिन्याभरानं भाऊ म्हणाला, "नाई जमलं, ताई. त्यांले दुसरं काही पायजे होतं." मी पुणेकरांना मनसोक्त शिव्या दिल्या. हळूहळू सराव बंद पडला. बासवाला बंगळूरला गेला, गिटारवाल्याचं लग्न झालं, आणि मी वर्षानुवर्षं येईल त्याला सांगत राहिले की या पोरांवर अन्याय झाला.

या उन्हाळ्यात आम्ही घर बदललं. सामानासाठी छोटा ट्रक हवा होता, म्हणून मी भनपुरीला ड्रमवाल्याकडे गेले. आता धंदा तोच बघतो. चहा पिताना गाण्याचा विषय निघाला आणि मी नेहमीप्रमाणे कंपनीच्या नावानं सुरू झाले. तो गोंधळून माझ्याकडे पाहू लागला.

"दीदी, उन्होंने तो वही पुराना वाला माँगा था. बोले, ये नया वाला तो कोई भी गा देगा. भैया ने आपको बताया नहीं?"

कपातला चहा तसाच टाकून मी निघाले. थेट उरल्याला. भाऊ वजनकाट्याच्या खोलीत बसला होता, कानावरचे केस पांढरे झालेले. मी दारातूनच ओरडले, "सांगितलं का नाहीस मला?"

त्याला एका क्षणात कळलं, कशाबद्दल ते. त्यानं खुर्ची पुढे सरकवली.

"बस तं आधी. काय सांगू, ताई? अख्ख्या खानदानात तू एकटी बाहेर शिकून आली. बाबा किती खुश होते. तुले कसं सांगू, का तुह्यामुळे गेलं म्हणून?"

"मग जुनं पाठवायचं ना पुन्हा!"

"पाठवाले बसलो होतो. पण तू त्याले अशुद्ध म्हटलं होतं न."

मी खुर्चीत बसले. मग विचारलं, दुसरं गाणं का नाही लिहिलंस? बाहेर एक ट्रक काट्यावर चढला, त्यानं वजन लिहून घेतलं, ट्रक गेला, आणि मग तो बोलला.

"लिहाले बसलो का प्रत्येक शब्दावर वाटे, हा बरोबर हाय का? ताईले विचारा लागन. मंग वही बंद करून ठेवो."

पुण्याच्या कंपनीनं काय केलं असतं, देव जाणे. हे मात्र मी केलं होतं. इतकी वर्षं ज्या अन्यायाच्या नावानं मी बोटं मोडत होते, तो माझ्याच लाल पेनानं झाला होता, आणि या वेड्यानं ते माझ्यापासून लपवून ठेवलं, मला लागेल म्हणून! तोंडातून शब्द निघाला तो थेट लहानपणचा.

"चुकलं रे बाबू माहं."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग हसू दाबत म्हणाला, "माहं नाही, ताई. माझं."

मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि तिथेच त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.