मागचे पंख

धंतोलीतल्या दवाखान्याचा लिफ्टमन झाडूवाली यायच्या आत जिन्यातल्या भिंतीवर रात्री दिव्याला येऊन बसलेल्या पतंगांचे फोटो काढतो आणि दिवसभर, चष्मा कपाळावर सरकवून, मोबाइलवरच्या साइटवर त्यांची नावं शोधतो. बाबांना पहिल्या मजल्यावरच्या वॉर्डातून तपासण्यांसाठी वरखाली नेताना तीन आठवडे मी हेच बघतोय. त्यांच्या आजाराचं नाव अजून कुणालाच सापडलेलं नाही.

काल त्यानं एक करडा पतंग दाखवला. "साइटवरचे सारे पंख पसरून टाचलेले हायेत. हा मागचे पंख झाकून बसला. ते दिसल्याबिगर नाव नाही भेटत."

"मग काडीनं उचलायचे," मी वैतागून म्हणालो.

"काहून? थकला असन. राहू द्या बिननावाचा."

व्हीलचेअरमध्ये बाबांनी डोळे मिटले होते.

"पुन्हा तपासणी? तिसरा मजला नं?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "खाली घ्या."